वायफाय झोपतं आणि बोलणी काकांना बसतात

आज सुरुवातीलाच एक प्रश्न. तुमच्या घरी असं होतं का, की आई किंवा आजोबा हाक मारतात, "अगं, नेट गेलं बघ." तुम्ही उठून जाता, लॅपटॉपला हात लावता, इकडे-तिकडे क्लिक करता आणि नेट सुरू! मग आपण म्हणतो, "काय हो, चालू तर आहे. तुम्हीच काहीतरी दाबलं असेल."

आजचं सदर त्या आई-आजोबांच्या बाजूने आहे.

आमच्या रायपूरचा सदर बाजार म्हणजे सोन्याचांदीची पेठ. माझे काका तिथे एका सराफाच्या दुकानात बिलांचं काम बघतात. अक्ती जवळ आली (छत्तीसगडात अक्षय्य तृतीयेला अक्ती म्हणतात) की लग्नाच्या खरेदीला गर्दी उसळते. गिऱ्हाईक अर्धा-पाऊण तास बांगड्या बघत बसतं, तेवढा वेळ काकांचा लॅपटॉप नुसता उघडा असतो. मग एकदाची बांगडी पसंत पडते, काका बिल काढायला जातात आणि वायफाय गायब. प्रिंटरही वायफायवरच, त्यामुळे तोही गप्प. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी लागतो. तो बिलावर नीट हवा, म्हणून हाताने घाईत लिहून द्यायलाही काका तयार नसतात.

काउंटरवरचा एखादा पोरगा येतो, वायफाय बंद-चालू करतो, झालं काम. दुकानात बोललं जायचं, "काकांना कम्प्युटर जमत नाही." नवा राउटर बसवून झाला. दुरुस्तीवाला आला, वीस मिनिटं लॅपटॉप चालवून बघितला, एकदाही नेट तुटलं नाही. शेवटी नवा लॅपटॉप घ्यायचा आणि बिलाला तरुण मुलगा बसवायचा, असं चाललं होतं. काकांचं वय अठ्ठावन्न. घरी येऊन ते काही बोलायचे नाहीत, पण जेवताना कळायचं.

आता गंमत बघा. हा बिघाड बघायला येणाऱ्यापासून लपून राहतो! लॅपटॉप वीज वाचवायला वायफायच्या कार्डाला झोपवतो. कोणी काम करत असेल तेव्हा कार्ड जागं, शांत असेल तेव्हा झोपेत. दुरुस्तीवाला सतत काहीतरी उघडत राहणार, म्हणजे त्याच्यासमोर ते झोपणारच नाही. काकांसमोर मात्र झोपणार.

झोपणं हा मुळात दोष नाही. वायफायचा पहिला नियमसंच १९९७ साली आला, त्यातच ही सोय आहे. कार्ड राउटरला सांगतं, "मी जरा पडतो." राउटर त्याच्या नावाचा माल सांभाळून ठेवतो, वॉचमन आपलं पार्सल ठेवून घेतो ना, तसं. राउटर साधारणपणे सेकंदाला दहा वेळा हाक देतो. कार्ड अधूनमधून कान देऊन ऐकतं, आपलं काही आलं असेल तर उठतं. घोळ होतो तो ड्रायव्हरमध्ये. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि ते कार्ड यांच्यातला दुभाषा. तो कच्चा असला की कार्ड झोपतं पण वेळेवर उठत नाही, किंवा वीजच पूर्ण तोडली जाते आणि परत जोडणी होत नाही.

ओळखायचं कसं? आधी शेजारचा फोन बघा. फोनचंही वायफाय त्याच वेळी जात असेल तर दोष राउटरचा किंवा लाइनचा. फक्त लॅपटॉपचंच जात असेल तर त्यावर एक भजन किंवा गाणं ऑनलाइन लावून ठेवा. गाणं चालू असेपर्यंत नेट टिकतं आणि शांततेत तुटतं, मग झोपेचाच संशय घ्या. बॅटरीवर तुटतं, चार्जर लावला की टिकतं, हीसुद्धा खूण. काकांच्या काउंटरवर प्लगला वजनकाटा आणि कार्ड मशीन लावलेलं, लॅपटॉप दिवसभर बॅटरीवर!

उपाय फुकट आहे. विंडोजमध्ये स्टार्टवर राईट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. त्यात नेटवर्क अडॅप्टर्स, त्यात वायरलेस किंवा वायफाय लिहिलेल्या नावावर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज. तिथे पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी टिक असते. ती काढा आणि ओके करा. काकांचं काम एवढ्यावर झालं. दोन आठवडे गाणं न लावता, बांगड्या बघू देऊनही नेट टिकलं. नवा लॅपटॉप आला नाही आणि बिलाच्या खुर्चीवर काकाच आहेत.

बॅटरी थोडी लवकर उतरेल, पण फार नाही. वायफायचं कार्ड जास्तीत जास्त एक-दोन वॅट घेतं, त्याहून कितीतरी जास्त स्क्रीन खाते.

काही नव्या लॅपटॉपमध्ये ते पॉवर मॅनेजमेंटचं पान दिसतच नाही. मग लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर घ्या. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर" म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअर मात्र नकोच, त्यातून नसती दुखणी घरात येतात. आणि मोठं अपडेट झाल्यावर ती टिक परत आली नाही ना, एकदा बघून घ्या.

फोनवर वाचणाऱ्यांनो, तुमचीही सुटका नाही. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून फोन स्क्रीन बंद करून टेबलावर ठेवला की थोड्या वेळाने ॲप्सचं नेट थांबवतो आणि मधूनमधूनच सोडतो. दाराच्या कॅमेऱ्याची सूचना उशिरा येते, आजीचं घड्याळ फोनपासून तुटतं, ते बऱ्याचदा यामुळेच. सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग ते ॲप, मग बॅटरी, आणि तिथे अनरिस्ट्रिक्टेड निवडा. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये शब्द थोडे वेगळे असतात. सगळ्या ॲप्सना ही मोकळीक देऊ नका, नाहीतर संध्याकाळपर्यंत फोनच झोपेल. ज्याची सूचना चुकून चालणार नाही, तेवढ्याच एक-दोन ॲप्सना द्या.