औषध महाग, मार फुकट

पौडच्या एस.टी. स्थानकावर एका बापानं मला आपल्या नऊ वर्षांच्या मुलाची वही दाखवली. तीन गणितांपैकी दोन अचूक, तिसरं अर्ध्यावर सुटलेलं, समासात बैलच बैल. खाली बाईंचा लाल शेरा : 'लक्ष नाही.' आजाराचं नाव तिथंच लिहिलेलं होतं, पण ते तसं कुणी वाचलं नाही. पोराची दृष्ट काढून झाली, अंगारा लावून झाला, पाठीवर वळही उठले. "पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या सांगितल्यात. पण दर महिन्याला खाडा करून जायचं कसं?"

त्याची अडचण खरी आहे. अवधानदोषावरचं हे औषध, मिथिलफेनिडेट, १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या यादीत येतं. चिठ्ठीशिवाय मिळत नाही, गावातल्या दुकानात तर नाहीच. गोळीच्या किमतीत एस.टी.चं भाडं आणि बुडालेली मजुरी मिळवावी लागते.

पण आपलं, बाकीच्यांचं काय? जमिनी विकल्या, लग्नांत लाखो उधळले, शर्यतीच्या बैलाचा खुराक कधी चुकवला नाही. पोराच्या गोळीपाशी मात्र हात आखडतो, कारण 'वेड्याचं औषध' म्हणून भावकीत बोभाटा होईल! त्याच पोराच्या शिकवणीला आपण वर्षानुवर्षं पैसे भरतो आणि नववीत त्यानं शाळा सोडली की नशिबाला बोल लावतो. हा खर्च कुणी मांडला आहे?

अमेरिकेत अवधानदोष असलेल्या ५७९ मुलांवर १४ महिने वेगवेगळ्या गटांत वेगवेगळे उपचार करून पाहिले, त्याचे निष्कर्ष १९९९ साली आले. २००५ मध्ये खर्चाचा हिशेब झाला, तेव्हा काटेकोर देखरेखीखाली दिलेलं औषध सर्वांत किफायतशीर ठरलं. ज्यांना जोडीला इतर मानसिक त्रास होते, त्यांच्यासाठी वर्तनोपचारांवरचा जादा खर्चही सार्थकी लागला. अर्थात देखरेख सुटली तर नुसत्या गोळीवर भिस्त ठेवता येत नाही. तीन वर्षांनी गटागटांतला फरक ओसरला होता.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याच्या तपासणीच्या यादीत हा अवधानदोष नावानिशी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेतला मार बंद केला आहे. तरी छडी चालते, आणि तपासणीच्या दिवशी गोंधळ नको म्हणून हूड पोराला बाहेर पिटाळलं जातं. हा गुन्हा आपला आहे, त्या लेकराचा नाही.

गुरुजी, बाई, यंदा तपासणीचं पथक शाळेत येईल तेव्हा त्या पोराला सगळ्यांत पुढं बसवा. त्याची वही डॉक्टरांपुढे उघडून ठेवा.