बातमीचे घड्याळ आणि शरीराचे घड्याळ

६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू झाले. तो दिवस आपण पत्रकार दिन म्हणून पाळतो आणि त्या निमित्ताने अनेक जिल्ह्यांत पत्रकारांसाठी आरोग्य तपासणी शिबिरे भरतात. रक्तदाब मोजतात, साखर तपासतात, ईसीजी काढतात. शेवटी डॉक्टर सांगतात, वेळेवर जेवा, वेळेवर झोपा, रोज चाला. सल्ला योग्यच आहे. अडचण अशी की ज्याला तो दिला जातो, त्या उपसंपादकाची शेवटची पाने मध्यरात्रीनंतर सुटतात आणि वार्ताहराचा फोन पहाटेही वाजतो. त्यामुळे शिबिरात सापडलेल्या वाढलेल्या रक्तदाबाचे कारण पुष्कळदा कामाच्या वेळापत्रकात असते, आणि त्यावर गोळी लिहून देता येत नाही.

हा विषय आताच घेण्याचे कारण म्हणजे २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात लागू झालेल्या चार कामगार संहिता. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा आपल्यात सामावून घेतला. वृत्तवाहिन्या आणि डिजिटल माध्यमांतील पत्रकारही प्रथमच व्याख्येत आले. या बदलातून पत्रकाराच्या तब्येतीला काय मिळाले आणि काय निसटू शकते, हे वैद्यकीय बाजूने पाहायला हवे.

जादा तासांची किंमत

मिवा सादो ही ‘एनएचके’ या जपानी प्रसारण संस्थेची ३१ वर्षांची वार्ताहर. २०१३ च्या उन्हाळ्यात टोकियो महानगर विधानसभेची आणि पाठोपाठ संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची निवडणूक तिने सांभाळली. दुसरी निवडणूक आटोपल्यावर तीनच दिवसांत हृदय बंद पडून तिचा मृत्यू झाला. आधीच्या महिन्यात तिने सुमारे १५९ तास जादा काम केले होते आणि तिला फक्त दोन सुट्या मिळाल्या होत्या. २०१४ मध्ये कामगार खात्याने हा अतिकामाने झालेला मृत्यू, जपानी भाषेत ‘कारोशी’, असल्याचा निर्णय दिला. संस्थेने मात्र ही गोष्ट २०१७ मध्ये जाहीर केली. त्यानंतर सुधारणांच्या घोषणा झाल्या. तरीही त्याच संस्थेतील चाळिशीतला आणखी एक वार्ताहर २०१९ मध्ये दगावला आणि २०२२ मध्ये तोही अतिकामाचा बळी ठरला.

या घटना अपवाद म्हणून सोडून देता येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, दीर्घ कामाच्या तासांमुळे २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार लोक पक्षाघात आणि हृदयविकाराने मरण पावले. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. निवडणूक, अधिवेशन किंवा महापूर असला की आपल्याकडील वार्ताहर ५५ तासांचा आकडा चार-पाच दिवसांतच गाठतो.

रात्री शरीरात काय होते?

मेंदूच्या तळाशी सुमारे वीस हजार चेतापेशींचा एक पुंजका असतो. डोळ्यांतून येणाऱ्या प्रकाशावर तो शरीराचे मुख्य घड्याळ लावतो. यकृत, स्वादुपिंड, हृदय यांनाही आपापली घड्याळे असतात. या घड्याळांची पेशींतील यंत्रणा उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

रात्री एक वाजता डेस्कवर खाल्लेला वडापाव आणि दुपारी एक वाजता खाल्लेला वडापाव शरीराच्या दृष्टीने सारखे नसतात. रात्री इन्शुलिनचा परिणाम मंदावलेला असतो, त्यामुळे साखर जास्त चढते आणि उतरायला जास्त वेळ घेते. एरवी झोपेत रक्तदाब दहा ते वीस टक्क्यांनी खाली येतो. जागरणात रक्तवाहिन्यांना ही विश्रांती मिळत नाही. दिवसा झोपून भरपाई होत नाही, कारण उजेड आणि घरातला वावर ती झोप तोडत राहतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला २००७ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले आणि २०१९ मध्ये ते वर्गीकरण कायम ठेवले. रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होईल, असा याचा अर्थ नाही. हे वर्गीकरण पुराव्याच्या बळकटीचे आहे, धोका किती मोठा याचे नाही. पण वर्षानुवर्षे सलग रात्रपाळी लावताना व्यवस्थापनाने विचार करावा, एवढा अर्थ त्यातून नक्की निघतो.

१९५७ चे शहाणपण

यातील बरेचसे विज्ञान पुढे आले त्याच्या आधीच आपल्या कायद्याने ते जवळपास ओळखले होते. न्या. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाचा अहवाल १९५४ मध्ये आला आणि त्यापाठोपाठ १९५५ चा कायदा झाला. चार आठवड्यांत कमाल १४४ तास काम, म्हणजे आठवड्याला सरासरी ३६ तास, आणि सात दिवसांत सलग २४ तासांची विश्रांती, ही त्याची चौकट होती. १९५७ च्या नियमांनी तपशील भरले. दिवसपाळी सहा तासांची, रात्रपाळी साडेपाच तासांची. चौदा दिवसांत एका आठवड्याहून जास्त रात्रपाळी नाही. रात्रपाळीवरून दिवसपाळीवर आणताना मध्ये किमान २४ तास मोकळे.

हे शेवटचे दोन नियम आजच्या झोपतज्ज्ञालाही पटतील. शरीराचे घड्याळ दिवसाला जेमतेम तासभर सरकते. आठवडाभराच्या रात्रपाळीत ते पुरते जुळत नाही आणि झोपेची थकबाकी मात्र वाढत जाते. ती थकबाकी फेडायला सलग मोकळा वेळच लागतो.

मात्र या नियमांत एक मोठी खिडकी उघडी होती. पाळीच्या तासांची मर्यादा प्रामुख्याने डेस्कसाठी होती. वार्ताहर आणि छायाचित्रकार यांच्यासाठी तरतूद वेगळी आणि सैल ठेवली गेली. पुढे कंत्राटी नेमणुका वाढल्या, तसे डेस्कवरही नियम कागदापुरते उरले. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्या वैध ठरवल्या, तरी अंमलबजावणीसाठी पत्रकारांना पुन्हा न्यायालयातच जावे लागले. ज्याला हक्काच्या वेतनासाठी भांडावे लागते, तो ‘माझी सलग तिसऱ्या आठवड्याची रात्रपाळी बदला’ असे म्हणायला धजावत नाही.

नव्या संहितेने १४४ तासांची मर्यादा आणि साप्ताहिक विश्रांती कायम ठेवली, ही जमेची बाजू. चाळिशी ओलांडलेल्या कामगारांना मोफत वार्षिक आरोग्य तपासणी मिळेल, असे केंद्राने संहिता लागू करताना जाहीर केले, हीही चांगली गोष्ट. पण रात्रपाळी सलग किती, पाळी बदलताना अंतर किती, हे बारकावे संहितेच्या मूळ मजकुरात नाहीत. त्यांची जागा नियमांत आहे. पत्रकार संघटनांनी सर्वांत जास्त जोर इथेच लावायला हवा. दुसरा प्रश्न तालुका वार्ताहरांचा. ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता, तो श्रमिक पत्रकार, अशी व्याख्या आहे. गावाकडचा वार्ताहर शेती, दुकान किंवा जाहिरातीच्या कमिशनवर घर चालवतो. पुराच्या पाण्यात सर्वांत आधी तोच उतरतो आणि तपासणीच्या यादीत त्याचेच नाव नसते.

पडद्यावरचा आघात

शरीराच्या जोडीला मनाचा भाग येतो. टोरंटोचे मानसोपचारतज्ज्ञ अँथनी फाइनस्टाइन यांनी युद्धवार्ताहरांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्यापैकी चौथाईहून अधिक जणांना आयुष्यात कधी ना कधी आघातोत्तर ताणविकार झालेला होता. त्यांनीच २०१४ मध्ये डेस्कवर बसून हिंसक चित्रफिती पाहणाऱ्यांची तपासणी केली. एकूण किती तास पाहिले यापेक्षा किती वारंवार पाहिले, याचा त्रासाशी जास्त संबंध निघाला. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानसूचीतही कामाचा भाग म्हणून पाहिलेली दृश्ये आघात धरली जातात. घरी सहज पाहिलेली धरली जात नाहीत.

माळीण किंवा इर्शाळवाडीच्या ढिगाऱ्यापाशी उभा राहिलेला वार्ताहर आणि तिथून आलेल्या चित्रफितींतून ‘दाखवण्याजोगे’ निवडणारा डेस्कवरचा सहकारी, दोघांनाही ही जोखीम असते. ऑस्ट्रेलियात गुन्हेविषयक बातम्या वर्षानुवर्षे केलेल्या एका महिला पत्रकाराला ‘द एज’ या दैनिकाकडून एक लाख ८० हजार डॉलर भरपाई देण्याचा निकाल २०१९ मध्ये लागला. मानसिक इजा टाळण्याची जबाबदारी मालकावर आहे, हे त्यातून न्यायालयात प्रस्थापित झाले. आपल्याकडे ही जबाबदारी अजून ‘तुला हे क्षेत्र झेपत नाही’ या वाक्यात संपते.

न्यूजरूममध्ये काय बदलता येईल?

बरेच उपाय फार खर्चाचे नाहीत. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा क्रमाने पुढे सरकवाव्यात. उलट्या क्रमाशी शरीर कठीणपणे जुळवून घेते. दोन पाळ्यांत किमान अकरा तासांचे अंतर असावे. युरोपीय संघात तो नियमच आहे. घरी गेल्यावर मोबाइलवरून दिलेल्या बातम्यांचा वेळही तासांत धरावा. रात्री उशिरा सुटणाऱ्यांना घरी सोडण्यासाठी गाडी द्यावी. हिंसक चित्रफिती तपासणाऱ्यांनी आवाज बंद ठेवून, लहान चौकटीत पाहाव्यात, आणि तीच फीत पाच जणांनी पाहण्याची वेळ येऊ नये अशी नोंद ठेवावी. मोठ्या दुर्घटनेवरून परतलेल्याला सुटी मिळावी आणि गोपनीय समुपदेशनाची सोय असावी. एप्रिल २०२० मध्ये मुंबईतील तपासणी शिबिरात ५३ पत्रकार कोविडबाधित निघाले, त्यांतील बहुतेकांना लक्षणेही नव्हती. त्या आठवड्यात घरून काम, अंतर आणि पाळ्यांची विभागणी शक्य झाली होती. गरज पटली की वेळापत्रक बदलता येते, हे तेव्हा दिसले.

यात वाचकाचेही हित आहे. विल्यमसन आणि फायर यांच्या २००० सालच्या अभ्यासात, १७ ते १९ तास जागे राहिलेल्यांची काही चाचण्यांतील कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी किंवा त्याहून वाईट ठरली. आपल्याकडे वाहन चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे सकाळी सातला उठून मध्यरात्रीनंतर मृतांचा आकडा, आरोपीचे नाव किंवा औषधाची मात्रा तपासणारा माणूस, कायद्याने ज्याला गाडीच्या चाकामागे बसू दिले नसते अशा अवस्थेत असू शकतो. त्यानंतर तो त्याच अवस्थेत दुचाकीवरून घरीही जातो. पुढच्या पत्रकार दिनाच्या शिबिरात रक्तदाबाच्या आकड्याशेजारी एक रकाना वाढवावा: गेल्या चार आठवड्यांत कामाचे तास किती? तो आकडा १४४ च्या वर गेला, तर चिठ्ठी संपादक आणि मालक यांच्या नावाने लिहावी.