कवटीची साक्ष



'खाण तशी माती' ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळांनी ती स्वतःला उद्देशून ऐकली आहे. नाव बदलाल, धर्म बदलाल, पण रक्त कसे बदलाल, असे हसत हसत विचारणारे सुशिक्षित गृहस्थ आजही भेटतात. माणसाची योग्यता जन्मतःच त्याच्या हाडामांसात लिहिलेली असते, असे त्यांचे म्हणणे. न्यायासनापुढे कोणी असे विधान केले, तर पहिला प्रश्न पुराव्याचा येईल. तो पुरावा तपासण्याचे काम शारीरिक मानवशास्त्राचे आहे. त्या शास्त्रातील एका महाराष्ट्रीय विदुषीची साक्ष आज आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत. साक्षीदार आपल्या पक्षाचा नाही, हे आरंभीच सांगतो. अशा साक्षीचे मोल वकिलाला अधिक वाटते.

इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. तेथील इरावती नदीचेच नाव त्यांना मिळाले. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेतल्यावर त्यांनी मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला. १९२८ साली उच्च शिक्षणासाठी जर्मनीस जाण्याचे ठरले, तेव्हा विरोध केला तो सासऱ्यांनी, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या पुरुषाचे पाऊलही सुनेच्या बाबतीत अडखळले! पती दिनकरराव मात्र पाठीशी उभे राहिले.

बर्लिनमध्ये त्या ज्या संस्थेत गेल्या, तिचे नाव नीट ऐका : मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता व सुप्रजननशास्त्र यांची कैसर विल्हेल्म संस्था. स्थापना १९२७ ची. प्रमुख ऑयगेन फिशर. या गृहस्थांनी १९०८ साली जर्मनीच्या ताब्यातील नैऋत्य आफ्रिकेत जाऊन मिश्र संततीचा अभ्यास केला होता, आणि वंशसंकर घातक असल्याचा निष्कर्ष काढला होता. त्यांनी इरावतीबाईंना विषय दिला तो मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानतेचा. युरोपीय माणसाची बुद्धी अधिक विकसित, म्हणून त्याच्या कवटीत ही असमानता इतर वंशांपेक्षा अधिक आढळेल, अशी गुरूंची अपेक्षा होती.

इरावतीबाईंनी निरनिराळ्या वंशांच्या कवट्या एकामागून एक मोजल्या. असमानता सर्वांतच आढळली. वंशाशी तिचा संबंध मात्र कोठे दिसेना. त्यांनी प्रबंधात तसेच लिहिले. परका देश, पराधीन राष्ट्रातील विद्यार्थिनी, पदवी देणे-न देणे ज्यांच्या हाती त्यांचाच सिद्धांत. आणि तरीही मोजमाप जे सांगते तेच लिहावयाचे! डॉक्टरेट त्यांना मिळाली. पुढे १९३३ साली हिटलर सत्तेवर आला व त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. १९३७ साली कृष्णवर्णी सैनिक व जर्मन माता यांच्या मुलांची सक्तीने निर्बीजीकरणे करण्यात आली. त्या मुलांविषयी 'तज्ज्ञ' मते देणाऱ्यांत या संस्थेचे लोक होते. कवटीवरून माणसाची पायरी ठरविणारे शास्त्र कोठवर जाते, ते जगाने पाहिले.

१९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. तेथे त्यांनी महाराष्ट्रातील अनेक जातींची शरीरमापे घेतली. आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम शेवटचे आहे. १९६८ साली त्यांनी व कैलाशचंद्र मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण जातींची तुलना प्रसिद्ध केली. दर्जा एक, वर्ण एक. पण शरीराची मापे व रक्तगट यांसारखी लक्षणे ताडून पाहता हे समूह एकसारखे निघाले नाहीत. एका जातीचे तुकडे पडून पोटजाती झाल्या, हे घुर्ये यांचे मत. शिष्येने ते नाकारले. तिच्या मते मुळातच निरनिराळे असलेले समूह एका नावाखाली एकत्र आले. मग ज्या 'ब्राह्मण रक्ता'चा गौरव केला जातो, ते नेमके कोणते?

बाईंना अवास्तव श्रेय देण्याचा आमचा हेतू नाही. माणसे मापण्याची व त्यांचे नमुने पाडण्याची जुनी सवय त्यांची सुटली नाही. जातिव्यवस्था भिन्न समूहांना सामावून घेते, याचे त्यांना कौतुकही होते. त्या सामावण्यात तळाशी कोण दबले, याचा हिशेब त्यांच्या लेखनात अपुरा आहे. तो हिशेब बाबासाहेबांनी मांडला होता. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचे मूळ रक्तात नव्हे, जातीबाहेरील विवाहाच्या बंदीत दाखविले. १९४८ साली अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील ग्रंथात तर घुर्ये यांचीच नाकाची मापे घेऊन त्यांनी ब्राह्मण व अस्पृश्य वेगळ्या वंशांचे नाहीत, हे सिद्ध करण्यास वापरली.

पुढे जनुकांची परीक्षा आली. हैदराबाद व हार्वर्ड येथील संशोधकांनी २०१३ साली ७३ समूहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातील लोक एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळले, आणि त्यानंतर लग्नाची दारे बंद झाली, असे त्यांना आढळले. आधी मिश्रण, मागाहून कुंपण. बाबासाहेबांनी लावलेला क्रम हाच होता.

कुंपण घालणारे हात केवळ परक्यांचेच असतात असे मात्र नाही. वंशशुद्धीच्या कल्पनेला आपण नावे ठेवतो; पण मुलीसाठी स्थळ आले म्हणजे आपल्या घरातही 'सोमवंशी का बावणे' हा प्रश्न हलक्या आवाजात विचारला जातो की नाही, हे ज्याचे त्याला ठाऊक.