उसन्या डोक्याची पैज

आमच्या पैजेत माणसं सहा आणि टीम्स तीस. मेजर लीग बेसबॉलचा हंगाम मार्चच्या अखेरीस सुरू होतो. त्याआधी एका संध्याकाळी एडिसनमध्ये कुणाच्या तरी घरी जमून आम्ही तीसही टीम्स पाच-पाच वाटून घेतो. पहिल्या फेरीत ज्याचा नंबर शेवटी, दुसऱ्या फेरीत तो पहिला. मग सप्टेंबर संपेपर्यंत आपापल्या टीम्सचे विजय मोजायचे. प्रत्येक टीमचे सामने 162, एकूण सामने 2430, म्हणजे माणशी सरासरी 405 विजय. ज्याचे सगळ्यांत कमी भरतील त्याने बाकीच्या पाच कुटुंबांना जेवू घालायचं. एवढ्या साध्या, सुंदर गोष्टीची गेल्या हंगामात माती झाली, आणि ती बाहेरच्या कुणी केलेली नाही.

एकाने सट्ट्याच्या ॲपवरची यादी छापून आणली. कोणती टीम किती सामने जिंकेल याचा कंपनीने काढलेला आकडा, वरून खाली उतरत्या क्रमाने. त्याचं बघून दुसऱ्याने फोन काढला. तिसऱ्या फेरीपर्यंत बहुतेक जण यादीत उरलेलं पुढचं नाव वाचून दाखवत होते. मी हरकत घेतली तेव्हा उत्तर आलं, "अरे, ते लोक पोटासाठी हे करतात. त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं." हे वाक्य शरणागतीचं आहे, आणि शहाणपण म्हणून ते मिरवलं जातंय याची मला चीड आहे.

कंपनीचा आकडा ही भविष्यवाणी नसते, तो भाव असतो. 100 डॉलर जिंकायला ती तुम्हाला साधारण 110 लावायला लावते. पैसा दोन्ही बाजूंनी येत राहावा आणि मधला वाटा आपल्याला सुटावा, यासाठी तो आकडा हलतो. लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कच्या टीम्सचा भाव चढा ठेवला तरी तिथलं गिऱ्हाईक तुटत नाही, हे कंपनीला नीट ठाऊक असतं. वर, सतत जिंकणारं गिऱ्हाईक दिसलं की याच कंपन्या त्याने किती पैसे लावायचे यावर मर्यादा घालतात. ज्यांना जाणकार माणूस दारात नको असतो, त्यांची यादी तुम्ही जाणकारी म्हणून मित्रांच्या घरी आणता?

2025 चा हंगामच बघा. मिलवॉकी ब्रूअर्सला कुणी पहिल्या क्रमांकावर ठेवलं होतं? त्यांचा शॉर्टस्टॉप विली अदामेस सॅन फ्रान्सिस्कोला निघून गेला होता, बुलपेनचा, म्हणजे बदली पिचरांच्या ताफ्याचा, कणा असलेला डेव्हिन विल्यम्स त्यांनी स्वतःच यँकीजला दिला होता. पहिले चार सामने ते हरले. त्यातल्या एकात यँकीजने नऊ होमरन मारून वीस धावा कुटल्या. ॲपवर रोजचा भाव बघणाऱ्याने तिथेच त्यांना टाकून दिलं असतं. त्याच टीमने ऑगस्टमध्ये सलग 14 सामने जिंकले आणि 97 विजयांसह तीसही टीम्समध्ये पहिला क्रमांक घेतला. डॉजर्सशी नियमित हंगामात सहा वेळा गाठ पडली, सहाही वेळा ब्रूअर्स जिंकले. पुढे प्लेऑफमध्ये डॉजर्सने त्यांना 4-0 धुतलं आणि वर्ल्ड सिरीजही नेली, ते खरं. पण आमची पैज 162 सामन्यांची आहे आणि तिथे डॉजर्सचे विजय 93 आहेत. टोरांटो 2024 मध्ये 74 विजयांसह आपल्या विभागात तळाला होती. पुढच्या वर्षी 94 विजय, विभागात पहिली, आणि वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना अकराव्या इनिंगपर्यंत.

आता मेट्स. ह्वान सोटोला त्यांनी पंधरा वर्षांसाठी 76.5 कोटी डॉलर कबूल केले. आमच्यात पहिल्या फेरीत मेट्स उचलणाऱ्याने कारण एवढंच सांगितलं की यादीत वर आहे. हंगामाच्या शेवटच्या दिवशी मायामीत ते मार्लिन्सकडून 4-0 हरले आणि 83 विजयांवर बाहेर पडले. मार्लिन्सचा सगळ्या खेळाडूंचा पगार मेट्सच्या चौथ्या हिश्शाहून कमी, आणि विजय 79. पहिल्या फेरीतली टीम आणि शेवटच्या फेरीत नाक मुरडून घेतलेली टीम यांत अंतर उरलं चार विजयांचं.

यावर "बेसबॉल म्हणजे नशीब" असं म्हणून हात झटकणारे मला यादीवाल्यांइतकेच आळशी वाटतात. बघणाऱ्याला बरंच दिसतं. बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यासक बिल जेम्स याने अनेक वर्षांपूर्वी दाखवून दिलं की टीमने केलेल्या आणि दिलेल्या धावांचे वर्ग घेतले की ती किती सामने जिंकायला हवी होती याचा अंदाज निघतो. 2023 मध्ये मार्लिन्सचे विजय 84. वरवर उत्तम. पण त्यांनी केलेल्या धावांपेक्षा दिलेल्या धावा 57 ने जास्त होत्या, आणि एका धावेने निकाल लागलेल्या सामन्यांत त्यांचा हिशोब 33-14 होता. असा हिशोब दोन वर्षं टिकत नाही. त्यात सँडी अल्कान्तारा, त्यांचा सगळ्यांत भरवशाचा पिचर, कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे 2024 ला मुकणार हे आधीच जाहीर होतं. 2024 मध्ये ते शंभर सामने हरले. हे कळायला कंपनी लागत नाही, हिवाळ्यातल्या दोन संध्याकाळी लागतात. कोणाचा पिचर शस्त्रक्रियेतून परततोय, कोणाचं बुलपेन सप्टेंबरात थकलं होतं, कोणत्या विभागात दोन दुबळ्या टीम्स आहेत ज्यांच्याशी वर्षभर खेळायला मिळेल, हे शोधणं हाच या पैजेचा अर्धा आनंद आहे. तो तुम्ही फुकट देऊन टाकला.

आणि तीसही टीम्स वाटायच्या असल्यामुळे आणखी एक गोष्ट समोर येते, जी यादी वाचणाऱ्याच्या नजरेस कधी पडणार नाही. काही मालक टीम उभीच करत नाहीत. कोलोरॅडो रॉकीज 2023 ला 103 सामने हरली, 2024 ला 101, 2025 ला 119. तरी 2025 मध्ये सुमारे 24 लाख लोक डेन्व्हरच्या मैदानात गेले, आणि मालकांचं कुटुंब तेच. पिट्सबर्गकडे पॉल स्कीन्स आहे. 2025 मध्ये त्याचा ईआरए 1.97, सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमताने, आणि खात्यावर विजय 10, पराभव 10. असा पिचर हाताशी असताना त्याच्यामागे बॅट चालवणारी माणसं उभी न करणं हा त्या पोरावर आणि त्या शहरावर अन्याय आहे. श्रीमंत टीम्सच्या उत्पन्नातला हिस्सा या मालकांना दरवर्षी मिळतो. तो खेळाडूंवर खर्च होताना दिसत नाही. ॲपच्या यादीत ही सगळी लबाडी एका लहान आकड्यात गुंडाळून तळाला ठेवलेली असते, आणि तुम्ही तो आकडा वाचून पुढे जाता.

पण माझा खरा राग यादीवरून पुढे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मे 2018 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याची देशव्यापी बंदी उठवली. तो खटला आमच्याच राज्याने, न्यू जर्सीने, लढून जिंकला. त्याच वर्षी नोव्हेंबरात मेजर लीगने कॅसिनो कंपनी एमजीएमशी अधिकृत भागीदारीचा करार केला. हीच ती लीग, जिने सट्ट्यापायी 1919 च्या वर्ल्ड सिरीजवरून आठ खेळाडूंना कायमचं हाकललं, पीट रोझला 1989 मध्ये बाहेर काढलं आणि तो जिवंत असेपर्यंत आत घेतलं नाही. आपल्याच सामन्यावर सट्टा लावाल तर कायमचे हद्दपार व्हाल हा नियम आजही प्रत्येक क्लबहाउसच्या भिंतीवर लावलेला असतो, आणि सामन्याच्या प्रक्षेपणात सट्ट्याच्या जाहिराती. याची फळं समोर आहेत. 2024 मध्ये खेळाडू तुकुपिता मार्कानो सट्टा लावल्याबद्दल आयुष्यभरासाठी बाद झाला. क्लीव्हलंडचे पिचर एमान्युएल क्लासे आणि लुईस ऑर्टिझ यांच्यावर सट्टेबाजांशी ठरवून चेंडू टाकल्याचा आरोप ठेवला गेला. तो खरा की खोटा हे न्यायालय ठरवेल, पण एकेका चेंडूवर सट्टा घेण्याची सोय कुणी करून दिली? मे 2025 मध्ये ह्यूस्टनच्या लान्स मॅकलर्सचा एक सामना वाईट गेला, तर पैसे हरलेल्या माणसाने त्याच्या लहान मुलांना ठार मारण्याची धमकी पाठवली.

आमच्या घरांत मुलं आहेत. ती पैजेच्या रात्री जमिनीवर बसून आमचं भांडण ऐकत असतात, आणि बेसबॉल ती तिथेच शिकली. बापाने फोन उघडून भाव वाचायचा आणि काकाने मान डोलवायची, हे त्यांनी शिकायचं का?

म्हणून यंदा दोन नियम मी मांडणार आहे आणि ते मान्य झाल्याशिवाय बसणार नाही. फोन दुसऱ्या खोलीत राहतील. आणि टीम घेताना प्रत्येकाने स्वतःचं कारण मोठ्याने सांगायचं. सांगता आलं नाही तर पाळी पुढच्याकडे. कारण चुकीचं निघालं तरी चालेल, त्यावर सप्टेंबरपर्यंत वाद घालू. कोलोरॅडोसुद्धा कुणालातरी घ्यावीच लागेल. घेणाऱ्याने तिचे निदान पाच पिचर नावानिशी सांगावेत.