मेलेल्या मीटरचं वकीलपत्र

आमच्या रामदासपेठेत मीटर म्हटलं की माणूस आधी विजेच्या बिलाकडे पाहतो. ते मीटर कधी थांबत नाही. मग त्याला ऑटोरिक्षा आठवते. तिचं मीटर कधी सुरूच होत नाही. ही दोन्ही मीटरं नागपूरकरानं ‘पदरी पडलं पवित्र झालं’ म्हणून पत्करलेली आहेत आणि त्यांच्याविषयी माझं काही म्हणणं नाही. मी वकीलपत्र घेतलंय ते तिसऱ्या मीटरचं. जुन्या कॅमेऱ्यातल्या लाइट मीटरचं. हे बिचारं कोणाचं बिल वाढवत नाही, कोणाशी भाड्यावरून हुज्जत घालत नाही. ‘उजेड इतका आहे बरं का’, एवढंच सांगतं आणि गप्प बसतं. आणि नेमकं यालाच लोकांनी न तपासता, सर्वानुमते, मृत घोषित करून टाकलंय!

अशिलाची माहिती देतो. कॅमेरा मिनोल्टा एसआरटी-१०१. हे मॉडेल जपानात १९६६ साली निघालं. आमच्या मामांनी १९७२ साली सिंगापूरहून येणाऱ्या एका स्नेह्याला गळ घालून तो मागवला, तेव्हा पार धंतोलीपासून माणसं तो बघायला आली होती म्हणतात. मामा गेले, कॅमेरा माझ्याकडे आला. आता माझी एकोणीस वर्षांची पुतणी तो मागते आहे. तिला फिल्मवर फोटो काढायचे आहेत. शटर अजून ‘खट्ट’ करून ठणठणीत वाजतं, कारण ते संपूर्ण यांत्रिक आहे. त्याला बॅटरी लागतच नाही. फक्त मीटरची सुई हलत नाही. झालं! एवढ्या बातमीवर घरात जी सल्लागार समिती जमली, तिनं एकमतानं ठराव केला : कॅमेरा शोकेसमध्ये ठेवावा.

या शोकेस नावाच्या वस्तूवर माझा जुना राग आहे. काम करणाऱ्या वस्तूला मानानं निवृत्त करण्याचं नाटक करून तिचा गळा दाबायची ती जागा आहे. तिथे हस्तिदंती ताजमहाल असावा, आग्र्याला गेल्याचा पुरावा म्हणून. पण कॅमेरा हे हत्यार आहे. पोरगी हत्यार मागते आहे आणि आपण तिला बाहुली देतो आहोत.

आणि हा ठराव कुठे होतो? तर रामदासपेठेत! अहो, या पेठेत दगड भिरकावला तर तो एक तर डॉक्टरला लागतो, नाही तर डॉक्टरकडे निघालेल्या माणसाला. इथे रोज सकाळी सत्तरीतल्या आजोबांचे गुडघे बदलतात, दुपारी पंचाहत्तरीतल्या आजींच्या डोळ्यांत नवं भिंग बसतं, संध्याकाळी कोणाच्या तरी हृदयात स्प्रिंग सारतात. ‘वय झालं हो, आता आजोबांना शोकेसमध्ये ठेवा’ असं कोणताही सर्जन म्हणत नाही. म्हणाला तर आपण त्याचा दवाखाना बंद पाडू. मग पन्नाशी ओलांडलेल्या कॅमेऱ्याची एक तार तुटली तर लगेच गंगाजळ का आणता?

आता मुद्द्यावर येतो. मीटर मेलं म्हणजे नेमकं काय झालं?

या कॅमेऱ्याच्या टोपीखाली, प्रिझमवर, कॅडमियम सल्फाइडचे दोन डोळे बसवलेले आहेत. त्यांच्यावर उजेड पडला की त्यांचा विजेला असलेला विरोध कमी होतो, प्रवाह वाढतो आणि सुई सरकते. लेन्सच्या छिद्राबरोबर दुसरी एक सुई फिरते, तिच्या टोकाला बारीकसं कडं आहे. ते कडं पहिल्या सुईवर आणून बसवायचं. जमलं एक्स्पोजर. इतकं सोपं, इतकं शहाणं यंत्र. आणि हे सगळं चालतं कशावर, तर एका गुंडीएवढ्या सेलवर. तो सेल पाऱ्याचा. त्याचा गुण असा की पहिल्या दिवसापासून जवळजवळ शेवटच्या दिवसापर्यंत तो १.३५ व्होल्टच देणार. सरकारी पेन्शनीसारखा : थोडा, पण नेमका.

तो सेल बाजारातून गेला, आणि तो गेला हे उत्तमच झालं. पारा काय करतो ते जपानमधल्या मिनामाता गावानं जगाला दाखवलं. कारखान्यानं खाडीत सोडलेला पारा माशांत गेला, माशांतून माणसांत गेला आणि १९५६ साली त्या रोगाची अधिकृत नोंद झाली. युजीन स्मिथ हा अमेरिकन छायाचित्रकार १९७१ पासून पत्नी आयलीनसह तीन वर्षं तिथे राहिला आणि त्यानं त्या पोरांचे, त्या आयांचे फोटो जगापुढे ठेवले. हे काम करताना त्याच्या हातात कोणते कॅमेरे होते? एसआरटी-१०१! म्हणजे पाऱ्याविरुद्धची साक्ष नोंदवणाऱ्या कॅमेऱ्याचं मीटर पाऱ्याच्या सेलवर चालणारं. नियतीला विनोदबुद्धी असते, पण ती अशी कडू असते. पुढे अमेरिकेनं १९९६ साली कायदा करून असे सेल बंद केले, २०१३ साली मिनामाताच्याच नावानं आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१८ साली भारतानंही तो मान्य केला. तेव्हा पाऱ्यासाठी मी एक अश्रूही ढाळणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की गेला तो सेल. मीटर नव्हे. घरचा शिधा संपला म्हणून कोणी आचाऱ्याची तिरडी बांधत नाही.

मग पर्याय काय? दुकानदार त्याच आकाराचा अल्कलाइन सेल देतो. तो सुरुवातीला दीड व्होल्ट. सुईला वाटतं, वा, उजेड भरपूर आहे. ती तुम्हाला प्रकाश कमी घ्यायला सांगते आणि फोटोत जावई काळवंडून येतो. पुढे सेल उतरत जातो तशी सुईही उतरत जाते आणि तोच जावई हळूहळू उजळत जातो. जावयाच्या बाबतीत हे चालेल, मीटरच्या बाबतीत चालत नाही. सिल्व्हर ऑक्साइडचा सेल स्थिर असतो, पण १.५५ व्होल्टचा, त्याच्यासोबत व्होल्टेज उतरवणारं कडं तरी घालावं लागतं किंवा आत एक चिमुकला डायोड जोडावा लागतो.

आणि तिसरा पर्याय आमच्या पेठेच्या अगदी हातात आहे. कानाच्या यंत्राचा सेल! झिंक-एअर, नंबर ६७५, वर निळी चिकटपट्टी. १.४ व्होल्ट, आणि स्थिर. पट्टी काढली की तो हवा घेतो, हवेवर चालतो, आणि मग दोन-तीन महिन्यांत संपतो. आकारानं जरा बारीक, म्हणून भोवती रबराची रिंग बसवायची. मी कानाची यंत्रं विकणाऱ्या एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी आपुलकीनं विचारलं, “पेशंट कोण?”

“कॅमेरा.”

“वय?”

“पन्नासच्या वर.”

“दोन्ही कानांना?”

“कान ठीक आहेत ताई, त्याला दिसत नाही.”

बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर रामदासपेठेत फक्त एकाच शाखेचे डॉक्टर वापरतात. पण सहा सेलांचं पाकीट मिळालं. आंधळ्याला बहिऱ्याचा आधार म्हणतात तो असा.

सेल घातला तरी सुई हलली नाही. इथे समिती टाळ्या पिटायला उभी राहिली. मी कॅमेरा उचलला आणि बर्डीवर गेलो. तिथे एका जिन्याखाली बसणारे, रेडिओपासून मिक्सरपर्यंत काहीही उघडणारे एक वयस्क कारागीर आहेत. त्यांनी तळाची पत्री काढली, मल्टीमीटरची दोन टोकं कुठेशी टेकवली, आणि सुई टुणकन उडाली!

“काहून मारून राहिले साहेब, जितंजागतं?” ते म्हणाले. “मीटर ठीक आहे ना. रस्ता बंद आहे फक्त. हे पाहा.”

जुना सेल वर्षानुवर्षं आतच राहिला होता, पाझरला होता. पितळी पत्रीवर हिरवा कळंक चढला होता आणि तिथून वर जाणारी बोटभर तार त्या कळंकानं खाल्ली होती. त्यांनी लिंबाच्या रसाचा बोळा फिरवला, स्पिरिटनं पुसलं, नवी तार डागली. अर्धा तास. मजुरी विचारली तर चहाच्या टपरीकडे बोट दाखवून म्हणाले, “ते आधी, मग बोलू.” जुना सेल मात्र कागदात नीट गुंडाळून वेगळा ठेवला, पारा आहे, कचऱ्यात नका टाकू, म्हणाले.

कळंक हा शब्द आपल्या आज्यांना ठाऊक होता आणि त्यावरचा उपायही. कल्हईवाला दारात यायचा. कल्हई, रफू, डाग, ठिगळ, पिंजण असे किती तरी शब्द आपल्या भाषेत होते ते कविता करायला नव्हते, वस्तू जगवायला होते. त्यात उगाच काव्य बघू नये. आजी फाटक्या लुगड्याची वाकळ करायची ती हौस म्हणून नव्हे, दुसरं घ्यायला पैसे नव्हते म्हणून. आज पैसे आहेत. छान आहे. पण पैशाबरोबर ‘काय बिघडलंय ते तरी बघू’ ही सवयसुद्धा का जावी?

आता प्रतिपक्षाचे साक्षीदार.

पहिला भाचा. “मामा, फोनमध्ये फुकट अ‍ॅप आहे.” आहे, आणि चांगलं आहे. मीही दुरुस्त मीटर त्याच्याशी ताडून पाहिलं, जवळजवळ जुळलं. पण समोर मूल हसतंय आणि आपण खिशातून फोन काढतोय, कुलूप उघडतोय, त्यात मधेच कर्ज हवंय का म्हणून कोणाचा तरी फोन येतोय. तोवर मुलाला दात आले! कॅमेऱ्यातली सुई डोळ्यासमोरच असते. ती कर्ज विचारत नाही.

दुसरे शेजारचे निवृत्त तज्ज्ञ. “खऱ्या फोटोग्राफरला मीटर लागतच नाही. भर उन्हात छिद्र सोळा, शटर फिल्मच्या वेगाइतकं. आणि नागपूरचं ऊन!” नियम खरा आहे. पण नागपूरचं ऊन तापतं म्हणून जास्त उजळत नाही. मे महिन्यातले शेहेचाळीस अंश फिल्मला दिसत नाहीत, फक्त ती नासवतात. शिवाय माणसं काय दिवसभर उन्हात उभी असतात? उघड्या सावलीत आलं की उजेड आठपट कमी. भर दुपारी बाहेर लाखभर लक्स, आणि रात्री दिव्याखालच्या दिवाणखान्यात शंभर-दीडशे. आपला डोळा इतका सोशिक, की दोन्हीकडे ‘उजेड आहे की!’ म्हणतो. सोशिक साक्षीदाराचा उपयोग नसतो. छत्तीस फोटोंचा रोल, तो धुण्याचा खर्च आणि एकोणीस वर्षांच्या मुलीचा उत्साह त्याच्या भरवशावर टाकू नये.

तिसरा सगळ्यांत धोक्याचा. तो म्हणतो, “पार्ट येत नाहीत.” हे वाक्य आपल्या काळातलं सर्वांत सोयीचं असत्य आहे. कधी कधी ते खरंही असतं, म्हणून तर ते इतकं चालतं. ती कंपनी २००६ सालीच कॅमेऱ्यांच्या धंद्यातून बाहेर पडली. पार्ट येणार कुठून? पण अर्ध्या वेळा पार्ट लागतच नाही, लागते ती बोटभर तार आणि मागची पत्री उघडण्याची इच्छा. कॅडमियमचे डोळेच गेले असतील, सुईचं वेटोळं जळालं असेल, तर मी हट्ट धरणार नाही. तिथेही दुसऱ्या निकामी कॅमेऱ्याचं अवयवदान होऊ शकतं.

सरकारला हे पटलं आहे, हे ऐकून आपल्याला धक्का बसेल. २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारनं ‘दुरुस्तीच्या हक्का’चं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि मोटारी, अशी चार क्षेत्रं धरली. युरोपनं २०२४ साली तसा निर्देशच काढला. हक्क मिळाला, फार चांगलं. पण त्या जिन्याखालच्या माणसाच्या हातात जे आहे, ते कोणत्या पोर्टलवर उतरवून घेणार? त्याच्याशेजारी आज शिकाऊ पोरगा नाही. मी विचारलं तर म्हणाले, “कोण शिकते साहेब आता? लोक उघडूच देत नाहीत.”

या वाक्यापाशी माझा विनोद संपतो. वस्तू दुरुस्तीला आली नाही तर दुरुस्त करणारा टिकत नाही, आणि तो टिकला नाही की ‘पार्ट येत नाहीत’ हे असत्य एक दिवस खरं होतं. आपणच ते खरं करतो, शोकेसचं दार लोटून.

तेव्हा कपाटातला तो कॅमेरा खाली काढा. तळाशी गोल झाकण असेल, त्याच्या खाचेत नाणं घालून फिरवा आणि आत काय आहे ते पाहा. मृत्यूचा दाखला द्यायचाच असेल तर जरूर द्या, पण निदान नाडी बघून द्या. रामदासपेठेत तेवढा रिवाज आहे.