कृत्रिम चेहऱ्याचे आकडे केसपेपरवर हवेत

करोनाच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ २०२१ च्या उन्हाळ्यात नागपुरात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे ‘काळ्या बुरशी’चे रुग्ण मोठ्या संख्येने दाखल झाले. जीव वाचवण्यासाठी कुणाचा वरचा जबडा, तर कुणाचा डोळा काढावा लागला. जीव वाचला, पण चेहऱ्यावर पोकळी घेऊन बसमध्ये चढणे, दुकानात बसणे, मुलीच्या लग्नात उभे राहणे सोपे नसते. अशा रुग्णाला सिलिकॉनचा कृत्रिम भाग पुन्हा माणसांत आणतो.

हा भाग पूर्वापार मेणात हाताने कोरला जातो. आता संगणकाचीही मदत घेता येते. चेहरा स्कॅन करायचा, धडधाकट बाजूचे प्रतिबिंब घ्यायचे, शिल्पकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये आकार घडवायचा आणि थ्रीडी प्रिंटरवर साचा काढायचा. त्वचेवरच्या सुरकुत्या आणि छिद्रे उमटवण्यासाठी त्यात ‘डिस्प्लेसमेंट मॅप’ वापरता येतो. हे एक राखाडी चित्र असते. मधला राखाडी म्हणजे पृष्ठभाग आहे तिथेच, त्याहून उजळ म्हणजे उंचवटा आणि गडद म्हणजे खड्डा.

अडचण अशी, की तेच काम दुसऱ्यांदा निर्यात केले की कधी सुरकुत्या दुप्पट खोल येतात, कधी सगळा गाल फुगतो, तर कधी कडा बसते. दोष बहुधा प्रिंटरवर ढकलला जातो. खरे कारण बरेचदा चित्राचे आकडे कसे वाचले गेले यात असते.

पहिली तपासणी शून्याची. काही फायलींत ‘जागचे हलू नका’ हा संदेश मधल्या राखाडीने, म्हणजे ०.५ ने लिहिलेला असतो. ३२ बिटच्या फायलींत तो बहुधा ० असतो. लिहिणारा एक समजला आणि वाचणारा दुसरे, तर सारा पृष्ठभाग सरकतो.

दुसरी तपासणी रंगाची. हे चित्र फोटो नाही, मोजमाप आहे. सॉफ्टवेअरने त्याला रंगीत फोटोसारखे वाचले, तर ०.५ चे सुमारे ०.२१ होते. उंच-सखलपणाचा पल्ला २ मिलिमीटर धरला, तर सपाट राहायला हवी ती जागाही अर्ध्या मिलिमीटरहून जास्त आत जाते. कृत्रिम भागाच्या कडेला एवढी फट पुरते. नागपूरच्या उन्हाळ्यात तिथे घाम साचतो, चिकटवण सुटते आणि समोरच्याची नजर नेमकी तिथेच जाते.

तिसरी तपासणी बारकाव्याची. ८ बिटच्या चित्रात राखाडीच्या फक्त २५६ छटा असतात. पल्ला २० मिलिमीटरचा ठेवला, तर एकेक पायरी ०.०८ मिलिमीटरची होते. बारीक सुरकुत्यांची खोलीही साधारण याच घरातली, त्यामुळे त्वचेवर पायऱ्या दिसतात. १६ बिटमध्ये ६५,५३६ छटा मिळतात आणि ही तक्रार मिटते.

चौथी तपासणी मापाची. काही वेळा सॉफ्टवेअर प्रत्येक चित्रातला सर्वांत खोल बिंदू काळा आणि सर्वांत उंच बिंदू पांढरा करून टाकते. मग एकाच राखाडीचा अर्थ प्रत्येक चित्रात वेगळा. सेंटिमीटर आणि मिलिमीटरची गल्लत झाली, तर फरक दहापट. शिवाय हा नकाशा ज्या साध्या आकारावरून काढला, त्याच आकारावर चढवावा लागतो. मध्येच तो आकार गुळगुळीत केला, की हिशेब चुकतो.

यात डॉक्टरांना परके असे काही नाही. सीटी स्कॅनही राखाडी चित्रच आहे. पण त्यात पाणी ० आणि हवा उणे १००० हे ठरलेले असते, म्हणून नागपूरचा स्कॅन मुंबईतही तसाच वाचता येतो. हे माप गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या नावाने ओळखले जाते. कृत्रिम चेहऱ्याच्या नकाशाला असे सर्वमान्य शून्य नाही. ते प्रत्येक विभागाने स्वतः ठरवून लिहून ठेवायचे आहे.

त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. प्रयोगशाळेत रुग्णांचे नमुने लावण्याआधी ज्ञात मूल्याचा नमुना लावतात, तसाच एक सपाट तुकडा घ्यावा. त्यावर १ मिलिमीटरचा उंचवटा आणि १ मिलिमीटरचा खड्डा करावा, तो निर्यातीपासून प्रिंटपर्यंत साऱ्या वाटेने न्यावा आणि डिजिटल कॅलिपरने मोजावा. माप जुळले, तरच रुग्णाचे काम पुढे सरकवावे.

आणि शून्य, बिट, पल्ला, एकक, सॉफ्टवेअरची आवृत्ती हे पाच आकडे केसपेपरवर चढवावेत. सिलिकॉन कायम टिकत नाही. उन्हाने, घामाने त्याचा रंग उतरतो, कडा फाटतात आणि काही वर्षांत नवा भाग करावाच लागतो. तोवर निवासी डॉक्टर बदललेले असतात, तंत्रज्ञाची बदली झालेली असते, संगणकही नवा असतो. नोंद नसेल, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. गडचिरोलीहून किंवा यवतमाळहून रोजी बुडवून येणाऱ्या माणसाला त्यासाठी आणखी चार खेपा घालाव्या लागतात. औषधाची मात्रा लिहिल्याशिवाय केसपेपर पुरा होत नाही. चेहऱ्याच्या मापालाही तोच नियम लावायला हवा.