नीटसाठी आणखी एक वर्ष द्यायचं का? ‘ड्रॉप’ घेण्याआधी ही आकडेमोड करून बघा

नीटचा निकाल लागला की पहिले दोन दिवस घरातले फोन वाजत राहतात. मामा विचारतो किती पडले, शेजारच्या काकू विचारतात डॉक्टर होणार ना. तिसऱ्या दिवसापासून मात्र घरात एकच विषय असतो, रिपीट करायचं का? वडील म्हणतात, थोडक्यात हुकलंय, एक वर्ष देऊया. आई म्हणते, बीएएमएस लागत असेल तर घेऊन टाक. आणि जिच्या किंवा ज्याच्या आयुष्याचा हा निर्णय आहे, ते पोरगं गप्प बसलेलं असतं.

तेवढ्यात लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरपासून थेट कोटापर्यंतच्या क्लासेसच्या रिपीटर बॅचच्या जाहिराती मोबाइलवर यायला लागतात. निर्णय घ्यायला हातात असतात जेमतेम काही आठवडे. म्हणूनच हा निर्णय जिद्दीवर किंवा भीतीवर सोडण्याआधी काही गोष्टी नीट समजून घेतलेल्या बऱ्या.

‘क्वालिफाय’ झालो म्हणजे नेमकं काय झालं?

२०२५ मध्ये देशभरातून सुमारे २२ लाख ९ हजार विद्यार्थ्यांनी नीट दिली. त्यातले सुमारे १२ लाख ३६ हजार पात्र ठरले. खुल्या प्रवर्गासाठी पात्रतेची रेषा होती ७२० पैकी १४४ मार्कांची.

आता दुसरी बाजू बघा. देशात एमबीबीएसच्या जागा आहेत साधारण १ लाख २० हजारांच्या घरात, आणि त्यातल्या सरकारी कॉलेजांच्या जागा निम्म्याच्या आसपास. म्हणजे पात्र ठरलेल्या दहा जणांमागे एमबीबीएसची जागा एक. सरकारी जागेचा विचार केला तर वीस जणांमागे एक.

थोडक्यात, ‘पोरगी नीट पास झाली’ या वाक्याने पेढे वाटता येतात, प्रवेश मिळत नाही. पात्रता ही फक्त काउन्सेलिंगच्या रांगेत उभं राहण्याची परवानगी आहे.

‘फक्त २० मार्कांनी हुकलं’ हे वाक्य का फसवं आहे?

ड्रॉपच्या बाजूने सगळ्यात जास्त वापरला जाणारा युक्तिवाद हाच. कटऑफला २० मार्क कमी पडले, वर्षभरात तेवढे वाढतीलच की. अडचण अशी आहे की पुढच्या वर्षी कटऑफ त्याच जागी थांबलेला नसतो.

२०२४ आणि २०२५ ची तुलना केली की हे लगेच कळतं. २०२४ मध्ये ६५० किंवा त्याहून जास्त मार्क मिळवणारे विद्यार्थी ३० हजारांच्या आसपास होते. २०२५ मध्ये ६५० च्या वर गेले फक्त ७३ जण. पहिल्या क्रमांकालाच ६८६ मार्क होते.

मुलं एका वर्षात कच्ची झाली का? नाही. २०२४ ला अभ्यासक्रम कमी झाला होता आणि गुणांचा पाऊस पडला होता. पहिल्या निकालात ६७ जणांना पैकीच्या पैकी मार्क होते, सुधारित निकालात ते १७ वर आले. पेपरफुटीचा वादही झाला, पण सुप्रीम कोर्टाने संपूर्ण फेरपरीक्षेची मागणी फेटाळली. २०२५ ला फिजिक्सचा पेपर अवघड निघाला, पर्यायी प्रश्न काढून टाकले गेले आणि वेळ २०० मिनिटांवरून १८० मिनिटांवर आला.

यातून घ्यायची गोष्ट एकच. मार्क मोजू नका, रँक मोजा. त्यातही देशाच्या रँकपेक्षा राज्याच्या गुणवत्ता यादीतला आणि तुमच्या प्रवर्गातला क्रमांक महत्त्वाचा, कारण सरकारी कॉलेजांमधल्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात. सीईटी सेलच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या याद्या काढा आणि शेवटच्या फेरीत तुमच्या प्रवर्गाची जागा कोणत्या क्रमांकावर बंद झाली ते बघा. तुमच्या आणि त्या क्रमांकाच्या मध्ये किती मुलं उभी आहेत, ते खरं अंतर आहे.

‘सिलेक्ट तर रिपीटरच होतात’ हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे. तामिळनाडू सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती ए. के. राजन समितीच्या २०२१ मध्ये समोर आलेल्या अहवालात एक लक्ष वेधणारा आकडा होता. त्या राज्यात एमबीबीएसला प्रवेश मिळवणाऱ्यांमध्ये रिपीटर्सचं प्रमाण २०१६-१७ ला सुमारे १२ टक्के होतं, ते २०२०-२१ ला ७१ टक्क्यांवर गेलं.

हा आकडा ऐकला की वाटतं, ड्रॉप घेतला की ७१ टक्के चान्स. इथेच गल्लत होते. प्रवेश मिळालेल्या १०० जणांमध्ये ७१ रिपीटर आहेत, याचा अर्थ ड्रॉप घेतलेल्या १०० जणांपैकी ७१ जणांना प्रवेश मिळाला असा होत नाही. ड्रॉप घेऊनही ज्यांचं झालं नाही, ते या हिशेबात कुठेच नाहीत. क्लासच्या होर्डिंगचंही तेच. तिथे निवड झालेल्यांचे फोटो असतात, बॅचमध्ये एकूण किती मुलं होती हे लिहिलेलं नसतं. म्हणून फी भरण्याआधी क्लासला एक साधा प्रश्न विचारा. मागच्या वर्षी रिपीटर बॅचला किती जण होते आणि त्यातल्या किती जणांना सरकारी एमबीबीएस मिळालं? उत्तर गोलमोल आलं तर काय समजायचं ते समजा.

मार्क गेले कुठे?

ड्रॉपचा खरा निर्णय जुन्या पेपरमध्ये दडलेला असतो. समजा, एका विद्यार्थ्याचे १८० पैकी १२० प्रश्न बरोबर आले, ४५ चुकले आणि १५ सोडले. बरोबर उत्तराला ४ मार्क आणि चुकीला वजा १, म्हणजे झाले ४३५. आता त्या ४५ पैकी २० प्रश्न ‘येत होते, पण गडबडीत चुकले’ या प्रकारातले असतील, तर ते सुधारल्यावर प्रत्येकी ५ मार्कांचा फरक पडतो. एकूण १०० मार्क.

पण चुकलेल्यातले बहुतेक प्रश्न समजलेच नव्हते, आणि दोन वर्षं क्लास करूनही समजले नव्हते, तर गोष्ट वेगळी आहे. तेच शिक्षक, त्याच नोट्स आणि तीच पद्धत ठेवून आणखी एक वर्ष काढलं तर निकाल वेगळा येईल, अशी आशा कशाच्या जोरावर ठेवायची? म्हणून उत्तरपत्रिका आणि आन्सर की समोर ठेवून प्रत्येक चूक एका वहीत लिहा. येत नव्हतं, येत होतं पण चुकलं, वेळ पुरला नाही. या तीन रकान्यांतून ड्रॉपचं जेवढं उत्तर मिळतं, तेवढं कोणत्याही काउन्सेलरकडून मिळत नाही.

बोर्डाची परीक्षा, आजारपण किंवा घरातली अडचण यामुळे पहिल्या वेळी अभ्यासच पूर्ण झाला नव्हता, तर ड्रॉपचं पारडं जड होतं. दोन वर्षं सगळं नीट करूनही मॉक टेस्टचा आकडा जिथल्या तिथे असेल, तर तो आकडा काहीतरी सांगतोय.

नियम काय सांगतात?

नीटला आता वयाची कमाल मर्यादा नाही आणि कितीही वेळा परीक्षा देता येते. ही सोय आहे आणि सापळाही. नियम तुम्हाला थांबवत नाही, त्यामुळे कुठे थांबायचं हे घरातच ठरवावं लागतं.

भारतातल्या प्रवेशासाठी नीटचा स्कोअर त्याच वर्षापुरता चालतो. पुढच्या वर्षी परीक्षा बिघडली तर मागचे जास्तीचे मार्क कामाला येत नाहीत.

ड्रॉप घ्यायचं पक्कं असेल तर ‘बघू तरी काय लागतंय’ म्हणून शेवटपर्यंत पसंतीक्रम भरत बसू नका. ऑल इंडिया कोट्याच्या शेवटच्या स्ट्रे फेरीत जागा मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर अनामत रक्कम जाते आणि पुढच्या नीटला बसण्यावरही बंदी येऊ शकते. प्रवेश घेऊन नंतर सोडायचा असेल तरी, कोणत्या तारखेनंतर दंड लागतो हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात आधी वाचा. मध्ये वर्ष गेल्याचं गॅपचं प्रतिज्ञापत्र आणि जातवैधता, नॉन-क्रिमीलेअरसारखी कागदपत्रंही या मोकळ्या वर्षात करून ठेवायची असतात.

मधला रस्ता आहे का?

बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस किंवा फिजिओथेरपीला प्रवेश घेऊन सोबत पुन्हा नीट द्यायची, असं बरेच जण करतात. हातात काहीतरी राहतं हा फायदा. पण हजेरी, प्रॅक्टिकल आणि नीटचा अभ्यास एकत्र ओढताना दोन्हीकडे मागे पडण्याचा धोकाही तितकाच.

मुलींच्या बाबतीत आणखी एक हिशेब आहे. राज्यात २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ही सवलत केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागांना आहे, व्यवस्थापन कोट्याला नाही. त्यामुळे ‘खासगी म्हणजे परवडणार नाही’ असं धरून चालण्याआधी एकदा तपासा.

परदेशातल्या एमबीबीएसचा पर्याय असेल तर तिथली फी जशी बघता, तशी परतल्यावरची एफएमजीई परीक्षाही बघा. अलीकडच्या सत्रांत ती पास होणारे ३० टक्क्यांच्या आतच राहिले आहेत.

मग ठरवायचं कसं?

एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचं, पुढे पीजीची तीन वर्षं. एवढ्या लांबच्या प्रवासात सुरुवातीचं एक वर्ष फार मोठं नाही. खरी किंमत मोजावी लागते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या ड्रॉपला. मित्र पुढे गेलेले असतात, पैसे संपत आलेले असतात आणि आता मागे फिरलो तर सगळं वाया जाईल, या भीतीने आणखी एक वर्ष दिलं जातं.

म्हणून ड्रॉप घेतानाच तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा. या वेळी अभ्यासात नेमकं काय बदलणार, डिसेंबरपर्यंत मॉक टेस्टमध्ये कुठे पोहोचायचं आणि नाही झालं तर कोणता कोर्स घ्यायचा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तयार असणं म्हणजे हार मानणं नव्हे. परीक्षेच्या दिवशी डोक्यावरचं ओझं त्याने थोडं हलकं होतं. हे वर्ष एकटेपणाचं असतं. झोप उडाली, मन लागेनासं झालं तर सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

आणि कागदावर काहीही लिहिण्याआधी, गप्प बसलेल्या त्या पोराला एकदा विचारा, तुला काय वाटतं? सहाव्या महिन्यात कंटाळा आल्यावर पुस्तक उघडायचं की नाही, हे शेवटी तेच ठरवणार असतं.